डबीचं खालचं बटण

घरी नवीन माणूस आला की आधी त्या टेबलाकडे बघायचा आणि हमखास विचारायचा, "मॉनिटर दोन, मग कीबोर्ड एकच कसा?" त्यावर काका म्हणायचे, "दोन घेतले असते तर आम्ही भांडलो कशावरून असतो?" आणि काकू आतून ओरडायच्या, "तुम्हाला भांडायला कारण लागतं होय?" पाहुणा हसायचा. हा प्रयोग त्या घरात इतक्या वेळा झाला होता की आपलं वाक्य म्हणायला काकूंना हातातलं कामही थांबवावं लागत नसे.

खरं कारण जागेचं होतं. बाहेरची खोली एवढीशी. एका भिंतीला पलंग, दुसरीला कपाट, आणि खिडकीखाली जे काही उरलं त्यात ते टेबल कसंबसं बसवलेलं. काका घरांचे नकाशे काढत. काकू पुस्तकांची जुळणी करत, म्हणजे लेखकांनी कागदावर खरडलेलं टाइप करून, पानं लावून छापखान्याला देत. कॉम्प्युटर दोघांचे वेगळे, कारण काकांच्या नकाशांना दांडगं मशीन लागे आणि काकूंच्या अक्षरांना साधं चाले. ती दोन मशीनं टेबलाखाली शेजारी शेजारी उभी होती. वर मात्र दोन मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस आणि या सगळ्यांच्या मध्ये काडेपेटीहून जरा मोठी अशी एक काळी डबी. सगळ्या वायरी त्या डबीत शिरत आणि तिच्यातूनच बाहेर पडत. डबीवर दोन बटणं होती. वरचं दाबलं की पडद्यांवर एकाचं काम जाऊन दुसऱ्याचं येई. खालचं दाबलं की कीबोर्ड आणि माउस एकाचे सुटून दुसऱ्याचे होत. प्रत्येक बटणाशेजारी डावा-उजवा असे दोन बारीक हिरवे दिवे होते. डावा लागला की काकांचं, उजवा लागला की काकूंचं.

पाळी बदलताना दोन्ही बटणं दाबायची, ही त्या डबीची खोड. एकच दाबलं तर डोळे एकाच्या कामावर आणि हात दुसऱ्याच्या कामात. आणि काकूंची खोड अशी की टाइप करताना त्या पडद्याकडे बघतच नसत. जुळणी करणाऱ्याची नजर शेजारच्या कागदावर असते, बोटांचं बोटं बघून घेतात. या दोन खोडींनी मिळून एकदा मोठीच गंमत केली होती. काका एका बंगल्याच्या नकाशात खोल्यांची नावं लिहिता लिहिता कुणाशी तरी बोलायला दारात गेले. काकूंनी घाईघाईने फक्त वरचं बटण दाबलं आणि कादंबरी पुढे टाइप करायला घेतली. पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत वाक्य पुरं झालं होतं. काकांनी परत येऊन न बघताच नकाशा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी साइटवरच्या गवंड्याने विचारलं, "साहेब, न्हाणीघरात लिहिलंय, 'नायिका कुजबुजली, इथे आपल्याला कुणी पाहत तर नाही ना?' तर हिला कुठल्या भिंतीला उभी करायची?" ज्यांच्या हाताखाली काका काम करत ते मोठे साहेब पोट धरधरून हसले. काका मात्र तोंडावर पडले ते पडलेच. त्या दिवसापासून घरात नियम झाला. डबीला हात लावण्याआधी टेबलावर बोटाने दोनदा ठकठक करायची, समोरच्याने "हं" म्हणायचं, मगच बटण.

काकांना साइटवर सगळे काटकोनकाका म्हणत. वाकडं काही त्यांना बघवतच नसे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मग बसत. खोलीचं नाव खोलीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे, केसभरही इकडेतिकडे नाही. माणूस मायेचा, पण माया दाखवायचं अंग नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंचा हात त्यांनी धरला असेल तो फक्त रस्ता ओलांडताना, तोही घाईत.

आणि काका एक वाक्य नेहमी म्हणत. हसत म्हणत, पण मनापासून. "ज्या दिवशी माझ्या रेघेवर भिंत उभी राहणार नाही ना, त्या दिवशी मला या खुर्चीतून उठवा आणि परत बसू देऊ नका."

काकूंनी ते वाक्य हसण्यावारी नेलं होतं. पुढे तेच त्यांच्या उरावर बसलं.

सुरुवात एका जिन्याने झाली. काकांनी काढलेला जिना वर जाऊन थेट भिंतीला टेकला होता. तोवर मोठे साहेब जाऊन त्यांचा मुलगा काम बघू लागला होता. सगळे त्याला छोटे साहेब म्हणत, आणि लहानपणी काकांच्या मांडीवर बसून पट्टीने रेघ मारायला शिकलेला असल्यामुळे काका त्याला अरेतुरे करत. त्याने काकूंनाच फोन केला. "काकू, काकांना बरं नाहीये का?" काकू म्हणाल्या, "झोप झाली नसेल हो." मग एक खिडकी कपाटाच्या आत उघडली. एका घराला दोन स्वयंपाकघरं झाली आणि एकही न्हाणीघर उरलं नाही. घरात काका चहा पिऊन झाल्यावर "आज चहा नाही का?" विचारू लागले. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले की हा मागे फिरत नाही. आजची गोष्ट उद्या सकाळी कोरी झालेली असेल. जुनं मात्र बराच काळ टिकेल. हात चालू राहू द्या, कामात असले की ते स्वस्थ राहतील.

मग काकूंनी कंबर कसली. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं होतं, नकाशा त्यांना वाचता येत होता. दुपारी काका झोपले की त्या डावा दिवा लावत आणि सकाळच्या चुका निस्तरत. जिन्याला वाट देत, खिडकीला हवा देत. संध्याकाळी नकाशा जाई आणि काका म्हणत, "बघ, झाला की नाही वेळेत?" काकू म्हणत, "तुमचं काम म्हणजे काय!" स्वतःची जुळणी मागे पडे, छापखान्याची बोलणी खावी लागत, पण ते चालून गेलं. चाललं नाही ते एवढ्याचमुळे की शेवटी त्याही माणूसच होत्या. एक झोपायची खोली त्यांच्या नजरेतून सुटली. चारी बाजूंनी भिंती आणि दारच नाही. साइटवर नवे गवंडी होते, त्यांनी मुकाट्याने तशीच बांधायला घेतली. ती पाडताना छोट्या साहेबांनी फोन केला. चिडले नाहीत, त्याचंच काकूंना जास्त लागलं.

"काकू, आता नको. मला माफ करा, पण आता नको."

काकूंनी जिन्यात उभं राहून फोनवरच त्या मुलापुढे पदर पसरला. खरं काम नको, पण जुन्या, बांधून झालेल्या घरांच्या फायली पाठवा. त्यांना कळणार नाही. नुसतं बसू द्या त्यांना तिथे. छोटे साहेब म्हणाले, "पाठवतो."

त्यानंतर काका जी घरं काढत ती कधीच बांधून झाली होती. त्यांत माणसं राहत होती, मुलं मोठी होऊन निघून गेली होती. काका रोज सकाळी आंघोळीआधीच खुर्चीत बसत, कालची फाइल नव्याने आल्यासारखी उघडत, एखादी भिंत वीतभर सरकवत, दुसऱ्या दिवशी परत आणत. आता चुका निस्तरायचं कारण उरलं नव्हतं. काकूंनी काकांच्या मशीनमध्ये डोकावणं सोडून दिलं. सकाळी काकांची पाळी असताना त्या शेजारी स्टुलावर बसून छापील प्रुफं वाचत आणि दुपारी आपला उजवा दिवा लावत. एक धाकधूक मात्र त्यांना सोडत नव्हती. यांना कळता कामा नये. बाकी काहीही होवो, यांना हे कळता कामा नये.

आणि छोट्या साहेबांच्या मनाने उचल खाल्ली. एका सकाळी फोन आला. "काकू, मला झोप लागत नाही. ज्या माणसाने मला रेघ मारायला शिकवलं त्याला मी फसवतोय. मी येऊन त्यांना नीट समजावून सांगतो. ते समजून घेतील."

काका हातभर अंतरावर बसलेले. काकूंना "हं, हं, बघू या" याच्या पलीकडे काही बोलता येईना. बाहेर जाऊन फोन करावा तर काका मागोमाग येत, हल्ली त्यांना एकटं राहवत नसे. फोनवर लिहावं तर अंगठ्याने टाइप करण्याचा काकूंना मनस्वी तिटकारा. दहा बोटांची बाई, अंगठ्यांनी काय करणार? छोट्या साहेबांच्या ऑफिसच्या पानावर निरोप लिहायची एक चौकट होती. दुसऱ्या दिवशी काका उठायच्या आत काकूंनी आपल्या मशीनवर ती चौकट उघडली, पण पहिला शब्द लिहायचा धीर होईपर्यंत काका उठून आलेच. ठकठक झाली, बटणं दाबली गेली, पाळी बदलली.

थोड्या वेळाने काकूंनी काकांना आंघोळीला पिटाळलं. ते एका खोलीचं नाव लिहिता लिहिता उठले आणि न्हाणीघराची कडी लागली. काकू खुर्चीत बसल्या, वरचं बटण दाबलं, पडद्यावर आपली चौकट आली. नजर न्हाणीघराच्या दारावर ठेवून त्यांनी भराभर लिहिलं. एवढं मोठं दुःख त्यांच्या बोटांनी एका दमात टाइप केलं. टॅब, एंटर. तेवढ्यात कडी वाजली. काकूंनी वरचं बटण परत दाबलं आणि पडदा उजळायच्या आत त्या उठून चहाच्या भांड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, ठकठक कुणासाठी करायची? म्हणून ती केली नव्हती. आणि ती केली असती तर हात डबीवर थांबला असता, दिवा दिसला असता. डावा दिवा.

दुपारी त्यांनी आपली चौकट बघितली. रिकामी होती. गेलेला निरोप चौकट रिकामी करूनच जातो, त्यामुळे काकूंनी सुटकेचा श्वास सोडला.

त्याच दिवसापासून काकांमध्ये एक नवीन गोष्ट दिसू लागली. ते सकाळी फाइल उघडत आणि हात मांडीवर ठेवून बसून राहत. काकूंना वाटे, तंद्री लागली. मग ते सावकाश वळत, स्टुलावर प्रुफं घेऊन बसलेल्या काकूंच्या डोक्यावर हात ठेवत आणि विचारत, "दमलीस का गं?"

पहिल्यांदा काकू इतक्या चपापल्या की त्यांच्या हातून पेन्सिल पडली. "काय हो हे, सकाळी सकाळी?" त्या म्हणाल्या. काकांचा हात जरा वेळ तसाच राहिला. मग ते पडद्याकडे वळून भिंत सरकवू लागले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्याही. जसा चहाचा प्रश्न तसाच हा, आजारच बोलतोय, हे काकूंना कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना ते हवंहवंसं वाटू लागलं. काकांनी फाइल उघडली की काकू स्टूल जरा पुढे ओढत. डोकं त्या हाताच्या टप्प्यात येईल असं बसत. साठीच्या बाईने असं करावं याची त्यांना लाज वाटे, आणि तरी त्या करत. परगावी असलेल्या मुलीला त्यांनी फोनवर सांगितलंसुद्धा. "आजार मेला वाईट, पण तुझे बाबा मऊ झालेत गं. रोज डोक्यावरून हात फिरवतात."

"होतं म्हणे काही जणांचं तसं," मुलगी म्हणाली. "आई, तू रडतेयस का?"

"छे गं, सर्दी झालीय."

छोटे साहेब मोठ्या साइटवर परगावी गेले होते, हे काकूंना ठाऊक नव्हतं. निरोप मिळाला आणि समजूतदार मुलाने ऐकलं, असंच त्या धरून चालल्या होत्या. म्हणून एका सकाळी दार उघडल्यावर समोर छोटे साहेब दिसले तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडं धरलं. काकांनी नुकतीच फाइल उघडली होती. डोक्यावर हात ठेवून झाला होता.

"ये रे," काका म्हणाले. "बस. बारीक झालास."

छोटे साहेब पलंगाच्या कडेवर बसले. इकडची तिकडची विचारपूस झाली. मग त्यांनी घसा साफ केला. "काका, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. या कामाविषयीच."

काकू दाराशी उभ्या राहून त्यांना डोळ्यांनी विनवत होत्या. छोटे साहेब त्यांच्याकडे बघणं टाळत होते. ते उठून टेबलाकडे निघाले, बहुधा पडद्यावरचा नकाशा दाखवतच बोलावं म्हणून. आणि काकांनी पटकन टेबलावर बोटाने दोनदा ठकठक केली आणि कुणी "हं" म्हणायची वाट न बघता वरचं बटण दाबलं. पडद्यावर काकूंच्या पुस्तकाचं पान आलं.

"अजून पुरं झालं नाही," काका म्हणाले. "अर्धं काम दाखवू नये."

"काका, मी काय म्हणत होतो..."

"घाई नाही ना याची?"

छोटे साहेब म्हणाले, "नाही काका."

"नसणारच," काका म्हणाले. मग जरा पुढे वाकून, खालच्या आवाजात, पण काकूंना ऐकू जाईल इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "पण काम पाठवत राहा रे. हिला बरं वाटतं."

काकूंना वाटलं, काहीतरी घोटाळा करून बोलतायत. हल्ली बोलतातच. छोट्या साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते परत पलंगाच्या कडेवर जाऊन बसले. चहा घेतला, निघताना काकांच्या पाया पडले. काकू त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या.

"नाही बोलता आलं मला," छोटे साहेब म्हणाले.

"फार बरं केलंत. माझा निरोप वाचूनही तुम्ही आलात म्हणून मी घाबरलेच होते."

"कुठला निरोप?"

"त्या चौकटीत लिहिलेला. तुमच्या पानावरच्या."

"मला तुमचा काहीच निरोप आला नाही, काकू," छोटे साहेब म्हणाले.

काकू जिन्यातच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना ते न्हाणीघराचं दार आठवलं, कडी आठवली, वरचं बटण आठवलं. खालचं दाबल्याचं काही केल्या आठवेना.

दुपारी काका झोपल्यावर काकूंनी डावा दिवा लावला. फाइल उघडली. घर ओळखीचं होतं, मोठ्या साहेबांच्या वेळचं. पुढे ओसरी, आत बैठकीची खोली, डाव्या हाताला झोपायच्या खोल्या. मागे स्वयंपाकघर होतं. त्या खोलीत 'स्वयंपाकघर' या शब्दातला फक्त 'स्व' होता आणि त्याला चिकटून काकूंची वाक्यं होती.

'साहेब, त्यांना काही सांगू नका, हात जोडते. ते काढतात ते नकाशे आता कुणाच्याच कामाचे नाहीत हे मला माहीत आहे. पण त्यांना कळलं तर ते जगणार नाहीत. त्यांना कळू न देण्यापुरतंच आता माझं आयुष्य उरलंय. जुन्या फायली पाठवत राहा.'

काकू ते वाचत राहिल्या. आधी त्यांना वाटलं, अजून काकांच्या लक्षात आलं नसेल. लिहिलेलं भिंतीवर चढलं असेल, कुठे तरी कोपऱ्यात पडलं असेल. मग त्यांनी नीट पाहिलं. वाक्यं भिंतीवर चढलेली नव्हती. ती लहान करून, चार ओळींत मोडून, खोलीच्या बरोबर मध्यावर बसवलेली होती. केसभरही इकडेतिकडे नाही. असं मध्यावर बसवणारा माणूस या घरात एकच होता.

काकूंचा हात माउसवरून निघाला.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं. आंघोळ करून आले त्याच दिवशी. आणि रात्रीत ते विसरले. दुसऱ्या सकाळी पुन्हा फाइल उघडली आणि पुन्हा वाचलं, पहिल्यांदाच वाचल्यासारखं. तिसऱ्या सकाळी पुन्हा. रोज सकाळी त्या माणसाला नव्याने कळत होतं की आपल्या रेघेवर आता भिंत उभी राहणार नाही. रोज सकाळी ते हात मांडीवर ठेवून तो घाव सोसत होते. आणि मग खुर्चीतून उठत नव्हते, ओरडत नव्हते, तर बायकोच्या डोक्यावर हात ठेवून विचारत होते, दमलीस का गं. आणि ती बया रोज त्यासाठी स्टूल पुढे ओढून बसत होती!

काकूंनी तोंडात पदर कोंबला. आतल्या खोलीत काका झोपले होते, आवाज जाता कामा नये होता.

बऱ्याच वेळाने त्यांच्या मनात आलं, यांनी हे पुसलं का नाही? एक बोट लागतं पुसायला. पुसलं असतं तर दुसऱ्या सकाळपासून सुखाने भिंती सरकवत बसले असते. ज्यांना वाकडी तसबीर खपत नाही त्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध एवढा मोठा मजकूर ठेवला, तो चुकून नाही. उद्या आपण विसरणार हे त्यांना कळत होतं. ही आपल्यासाठी काय करतेय ते उद्याही आपल्याला कळावं, म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. आणि सरळ करून ठेवलं होतं, नीट वाचता यावं म्हणून.

काकूंचं बोट डिलीटच्या बटणावर होतं. ते किती वेळ तिथे होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ठेवलं तर उद्या सकाळी पुन्हा हात येईल. परवाही येईल. नवऱ्याची माया अशी उघड, डोक्यावर, आयुष्यात कधी मिळाली नव्हती आणि पुढेही मिळायची नव्हती. त्यासाठी काकांनी रोज सकाळी फक्त एकदा मरायचं होतं, आणि ते मरायला तयार होते. काकूंनी स्वतःला विचारलं, तू तयार आहेस का? इतकी वर्षं त्यांनी काकांचं सगळं ऐकलं होतं, निदान ऐकल्यासारखं केलं होतं. हे एवढं त्यांनी ऐकलं नाही. बोट दाबलं. चार ओळी गेल्या. रिकाम्या खोलीत त्यांनी 'स्वयंपाकघर' असं लिहिलं, ते मोजून मध्यावर आणलं, फाइल बंद केली आणि बटणं दाबून उजवा दिवा लावला. दोन्ही बटणं.

दुसऱ्या सकाळी काका येऊन बसले. टेबलावर ठकठक केली. काकू "हं" म्हणाल्या. फाइल उघडली. काकू स्टुलावर प्रुफं घेऊन बसल्या होत्या, पण अक्षर दिसत नव्हतं. काकांनी नकाशा पुढे मागे फिरवला. स्वयंपाकघरापाशी थांबले.

"चांगलं घर आहे," काका म्हणाले. "उजेड येईल याला. कधी बांधायला घेतायत?"

"लवकरच घेतील."

"मग भराभर हात चालवायला हवा." आणि ते शीळ घालत कामाला लागले. कित्येक दिवसांत त्यांनी शीळ घातली नव्हती हे काकूंना आत्ता, ऐकल्यावर आठवलं.

काकूंनी एक पान उलटलं. मग स्टूल जरा पुढे ओढलं. नेहमीच्या जागी आणलं. काका खिडक्या मोजत होते. प्रुफाचं पान संपलं, दुसरं संपलं. शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, "अहो."

"हं?"

"माझ्या डोक्यावर जरा हात ठेवता?"

काकांनी माउस सोडला. वळून काळजीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात कपाळावर टेकवला. उलटा, लहान मुलाचा ताप बघतात तसा.

"गरम नाही लागत," ते म्हणाले. "डोकं दुखतंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही दुखत."

"मग वाच की," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघराची भिंत वीतभर सरकवायला परत वळले.